अपील करू नये, असे कोण लिहिणार?

सरकारी कामासाठी गेलेल्या शेतजमिनीचा वाढीव मावेजा, म्हणजे भरपाई, मागणारे दावे आमच्या मराठवाड्यात इतके सर्रास चालतात की, दिवाणी न्यायालयाच्या आवारात नवख्या पक्षकाराला "कोणत्या तलावातले?" एवढेच विचारले जाते, आणि उत्तर मिळाले की विचारणाऱ्याला प्रकरणाची निम्मी हकिगत कळलेली असते. आमची जमीन मांजरेच्या खोऱ्यातल्या एका पाझर तलावात गेली. अर्जदार माझे वडील होते. मी शाळेत शिक्षक असल्यामुळे कागद वाचणे, नकला काढणे, वकिलांना भेटणे आणि तारखांना हजर राहणे ही कामे ओघानेच माझ्याकडे आली. शासन नावाचा पक्षकार न्यायालयात कसा उभा राहतो, त्याच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाच्या हाती प्रत्यक्षात काय असते आणि निकाल विरुद्ध गेल्यावर त्या निकालाचे कार्यालयात काय होते, हे या निमित्ताने दीर्घकाळ जवळून पाहायला मिळाले. तेच येथे मांडतो आहे.

आमचे प्रकरण १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यातले. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला, परंतु ज्यांचे निवाडे त्याआधी झाले त्यांची सारी लढाई जुन्याच कलमांखाली चालू राहिली. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस आणि कलम ११ चा भरपाई ठरवणारा निवाडा हा क्रम कागदावर सरळ दिसतो; प्रत्यक्षात तलावाचे काम आधी सुरू झाले होते. गावातल्या बैठकीत खाजगी वाटाघाटीने ताबा देण्याविषयी वडिलांनी संमतीपत्रावर सही केली, ताबा पावती झाली, बांधाचे काम रोजगार हमीतून उभे राहिले आणि कलम ४ ची अधिसूचना त्यानंतर दोन वर्षांनी निघाली. त्या काळात अशी कामे अशाच पद्धतीने होत असत आणि गावालाही पाणी हवेच होते, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. पुढे मात्र या दोन वर्षांनी आमच्या प्रकरणात जो घोळ घातला त्याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती.

निवाड्यात भूसंपादन अधिकाऱ्याने लावलेला दर जिरायत जमिनीचा होता. आमच्या गटात विहीर होती, सातबाऱ्यावर तिची नोंद होती, पीकपाहणीत दोन वर्षे ऊस लागलेला होता. तरीही संयुक्त मोजणीच्या तक्त्यात विहिरीचा रकाना कोरा राहिला. वडिलांनी रक्कम हरकत राखून घेतली. हे चार शब्द पावतीवर लिहिले नाहीत तर कलम १८ खाली दाद मागण्याचा हक्कच संपतो, आणि आमच्या भावकीतल्या काही जणांचा तो तसा संपलाही, कारण पैसे वाटणाऱ्या टेबलावर छापील पावतीशिवाय दुसरे काही लिहायचे असते हे त्यांना सांगणारे कुणी नव्हते. कलम १८ चा अर्ज नोटीस मिळाल्यापासून सहा आठवड्यांत द्यावा लागतो. शेतकऱ्याला सहा आठवड्यांची मुदत घालून देणाऱ्या या कायद्याने तो अर्ज न्यायालयाकडे पाठवण्यासाठी अधिकाऱ्याला मात्र कोणतीही कालमर्यादा घातलेली नव्हती. आमचा अर्ज त्या कार्यालयात किती काळ पडून राहिला ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांचे अर्ज पडून राहिले नाहीत असे पक्षकार मला तरी भेटले नाहीत.

अधिकाऱ्याने न्यायालयाकडे पाठवलेला हा अर्ज, ज्याला संदर्भ अर्ज म्हणतात, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे आला तेव्हा शासनाच्या बाजूने एक सहायक सरकारी वकील होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. दर वाढवून मागणाऱ्यानेच तो दर सिद्ध करायचा असतो, त्यामुळे पुराव्याचा भार आमच्यावर होता. आमच्या वकीलसाहेबांनी शेजारच्या गटांची दोन खरेदीखते, साखर कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या आणि विहिरीच्या खोदाईसाठी घेतलेल्या कर्जाचा उतारा दाखल केला आणि त्यांना निशाणी क्रमांक पडले. वडिलांची सरतपासणी शपथपत्रावर झाली. उलटतपासणीत मॅडमनी त्यांना मोजकेच प्रश्न विचारले: खरेदीखतातली जमीन रस्त्यालगत आहे काय, तुमची जमीन रस्त्यापासून किती आत आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते काय. प्रश्न नेमके होते. वडिलांनी उन्हाळ्यात पाणी तळाला जाते असे खरे सांगून टाकले, तेव्हा आमच्या वकीलसाहेबांच्या कपाळावर आठी पडलेली मी पाहिली.

आमचा पुरावा संपल्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायची लेखी माहिती, दाखल झाल्यावर शासनाच्या पुराव्याची पाळी आली आणि प्रकरण तिथेच अडकले. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, पुढच्या प्रत्येक तारखेला "सरकार पक्षाचा पुराव्यासाठी मुदत अर्ज, मंजूर" अशी एकच ओळ येत राहिली. एकदा दुपारच्या सुटीत वऱ्हांड्यातल्या बाकावर मॅडम आपल्या पिशवीतून फायली काढत बसल्या होत्या आणि मी समोर उभा होतो. प्रत्येक फाइलच्या वरच्या कागदावर त्यांनी कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची स्थळप्रत होती: परिच्छेदनिहाय अभिप्राय पाठवावेत, मूळ मोजणी तक्ता पाठवावा, साक्षीसाठी अधिकारी हजर ठेवावा. पत्राखाली कार्यालयाच्या आवक शिक्क्याचा गोल, त्यात तारीख, आणि त्यापुढे काहीही नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या वकिलाकडे पक्षकार येतो. माझ्याकडे आवक क्रमांक येतो." मी त्यांच्या विरुद्ध पक्षाचा, माझ्याशी त्यांनी याहून जास्त बोलणे योग्य नव्हते आणि त्या बोलल्याही नाहीत.

सरकारी वकिलांविषयी न्यायालयाच्या आवारात जे टोमणे ऐकू येतात त्यांतले बरेचसे अन्यायाचे आहेत, असे माझे मत त्या दिवसापासून झाले. खाजगी पक्षकार वकिलाला फोन करतो, साक्षीदार आणतो, कागद शोधतो आणि निकाल लागल्यावर काय करायचे ते ठरवतो. शासनाच्या बाबतीत ही चारही कामे वेगवेगळ्या कार्यालयांत विभागलेली असतात. जमीन ज्या खात्यासाठी घेतली ते खाते पैसे देणारे. निवाडा करणारा भूसंपादन अधिकारी महसूल विभागातला. वकिलाची नेमणूक विधी व न्याय विभागाची. आणि दाव्यातल्या शीर्षकात नाव जिल्हाधिकाऱ्यांचे. ज्याने जमीन पाहून दर ठरवला तो अधिकारी तोपर्यंत बदलून तिसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला त्या निवाड्याशी काही देणेघेणे नसते. शेवटी आमच्या प्रकरणात "सरकार पक्षास पुरावा देणे नाही" अशी पुरसीस आली आणि युक्तिवाद सुरू झाला.

त्या युक्तिवादात मॅडमनी दरावर फारसा जोर दिला नाही. त्यांनी एकच मुद्दा लावून धरला आणि तो बरोबर होता. ताबा कलम ४ च्या अधिसूचनेआधी घेतलेला आहे. अशा वेळी अधिसूचनेपूर्वीच्या काळासाठी कायद्यातले व्याज मिळत नाही, फार तर त्या काळाचे भाडे किंवा वापराची भरपाई मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आर. एल. जैन विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात म्हटलेले आहे, एवढे त्यांनी निकालपत्राची प्रत देऊन सांगितले. आमच्या वकीलसाहेबांनी उत्तर दिले खरे, पण बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "हा मुद्दा जड जाईल." निकालात मात्र न्यायालयाने दर वाढवून दिला, विहिरीची वेगळी किंमत मान्य केली आणि व्याज सरसकट ताब्याच्या तारखेपासून देऊन टाकले. जैन निकालाचा उल्लेख युक्तिवादाच्या सारांशात होता; त्यावरचा निष्कर्ष कुठेही नव्हता.

हे व्याज म्हणजे काय प्रकरण आहे ते एका साध्या हिशेबाने सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. निवाड्यातल्या दरापेक्षा न्यायालयाने १ लाख रुपये वाढवून दिले असे धरू. त्यावर जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची ३० टक्के दिलासा रक्कम म्हणजे ३० हजार. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या काळासाठी दर साल १२ टक्क्यांचा घटक. तो काळ दोन वर्षांचा असेल तर २४ हजार. झाले १ लाख ५४ हजार. या संपूर्ण रकमेवर, म्हणजे दिलासा रकमेवरसुद्धा, व्याज द्यावे लागते हे सुंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली ठरवून दिले आहे. कलम २८ प्रमाणे पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दर साल १५ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षानंतर दर वर्षी २३ हजार १०० रुपये. दहा वर्षे गेली की १ लाखाच्या वाढीचे ३ लाख ७५ हजार ७६० होतात. कोणतीही बँक ठेवीवर असे व्याज देत नाही आणि कोणताही शहाणा ऋणको १५ टक्क्यांचे कर्ज जाणूनबुजून अंगावर वाढू देत नाही. शासन ते वाढू देते, कारण वाढलेली रक्कम ज्याच्या सहीने वाढली त्याच्या खिशातून जात नाही आणि ज्या वर्षी ती द्यावी लागते त्या वर्षी तो त्या खुर्चीवर नसतो.

निकाल २००८ सालचा. उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ९० दिवसांची. आमच्या विरुद्धचे अपील त्या मुदतीनंतर चारशे दिवसांहून अधिक विलंबाने, विलंब माफीच्या अर्जासह दाखल झाले. हा विलंब कसा झाला ते अर्जात तारीखवार लिहिलेले होते आणि तो मजकूर मी इतक्या वेळा वाचला की आता तो पाठ झाला आहे. नक्कल मिळाली, ती अमुक तारखेस जिल्हाधिकारी कार्यालयास प्राप्त झाली, तेथून अभिप्रायासाठी भूसंपादन शाखेकडे, तेथून निधीच्या उपलब्धतेबाबत संपादन यंत्रणेकडे, म्हणजे ज्या खात्यासाठी जमीन घेतली त्याच्याकडे, यंत्रणेने त्रुटी काढून परत, मग विधी व न्याय विभागाकडे, मग उच्च न्यायालयातील सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे, तेथे न्यायालयीन शुल्काच्या रकमेअभावी प्रलंबित. प्रत्येक टप्पा खरा होता. कुठेही कुणी झोपलेले नव्हते. फाइल सतत चालतच होती.

न्यायमूर्तींनी सुनावणीत नेमके विचारले की, यंत्रणेने त्रुटी काढल्यापासून पुढच्या पत्रापर्यंत आठ महिने गेले, त्या काळात काय झाले? उभे असलेले सहायक सरकारी वकील तरुण होते आणि हातातली फाइल त्यांना बहुधा त्याच सकाळी मिळाली होती. त्यांनी सूचना घेण्यासाठी वेळ मागितला. वेळ मिळाला, पुढच्या तारखेला त्यांच्या जागी दुसरे कुणी उभे होते आणि त्यांनीही वेळ मागितला. अखेर २०११ साली खर्चाची रक्कम भरण्याच्या अटीवर विलंब माफ झाला. आधाराला निकाल होता तो १९८७ सालचा, अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्यांचा, ज्याला सगळे कातिजी प्रकरण म्हणतात. विलंबाकडे उदारपणे पाहावे, शासनाच्या कामकाजात फाइल हातोहात फिरते हे ध्यानात घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. तो निकाल मी पुढे मुळातून वाचला. त्या प्रकरणातला उशीर होता चार दिवसांचा. चार दिवसांसाठी उघडलेल्या दारातून नंतर शेकडो दिवस आत येत गेले.

पुढे हवा बदलली हेही नोंदवले पाहिजे. २०१२ साली टपाल खात्याच्या एका प्रकरणात, लिव्हिंग मीडियाच्या निकालात, ४२७ दिवसांचा विलंब सर्वोच्च न्यायालयाने माफ केला नाही आणि मुदतीचा कायदा शासनालाही इतरांसारखाच लागू आहे असे बजावले. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश शासनाच्या ६६३ दिवस उशिरा आलेल्या अपिलावर, भेरूलाल प्रकरणात, न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या पीठाने याहून स्पष्ट लिहिले. अशी अपिले जिंकण्यासाठी केलेली नसतात; सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले एवढा शेरा मिळाला की फाइल बंद करता येते आणि कुणावर जबाबदारी येत नाही, त्या शेऱ्यासाठी ती केलेली असतात, असा त्याचा आशय आहे. शासनाला २५ हजार रुपयांचा खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. ज्याने सरकारी फाइल आतून पाहिली आहे त्याला या निकालातले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल.

मी ती आतून पाहिली, कारण माहितीच्या अधिकारात अर्ज करून फाइलचे अवलोकन मागितले आणि पहिल्या नकारानंतर अपिलात ते मिळाले. अव्वल कारकुनाने टेबलाच्या कडेला खुर्ची दिली आणि शेजारी एक शिपाई बसवून ठेवला. टिपणीच्या हिरवट पानांवर एकाखाली एक सह्या होत्या. सुरुवातीलाच मॅडमचा अभिप्राय लावलेला होता, दीड पानाचा, टंकलिखित. दर खरेदीखतांच्या पुराव्यावर आधारित आहे, शासनातर्फे त्याविरुद्ध कोणताही पुरावा आलेला नाही, सबब दराबाबत अपील करण्यास हे प्रकरण योग्य नाही. व्याजाच्या प्रारंभाच्या तारखेबाबत मात्र निकालात उघड चूक आहे, तेवढ्यापुरती त्याच न्यायालयात पुनर्विलोकनाची मागणी तातडीने करावी, असे त्यांनी लिहिले होते. मला जे आमच्या वकिलांनी बाहेर येऊन हळू आवाजात सांगितले, तेच त्यांनी आपल्या पक्षकाराला लेखी आणि वेळेत सांगितले होते.

त्याखालच्या पहिल्या टिपणीत अव्वल कारकुनाने अभिप्रायाचा गोषवारा दिला होता आणि शेवटी लिहिले होते: "तथापि, शासनाचे आर्थिक हित विचारात घेता अपील दाखल करणे उचित राहील." पुढच्या सहीने "मान्यतेस्तव सादर" म्हटले, त्याच्या पुढच्याने "सहमत", आणि तिथून वर सगळीकडे नुसत्या सह्या होत्या. पुनर्विलोकनाचा मुद्दा दुसऱ्या पानापासून गायबच झाला. आर्थिक हित विचारात घेता म्हणणाऱ्या त्या टिपणीत व्याजाचा एकही आकडा नव्हता.

त्या कारकुनाला दोष द्यावा असे मला वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अपील करू नये असे जो लिहील त्याला उद्या लेखापरीक्षणात, चौकशीत किंवा एखाद्या निनावी तक्रारीत विचारले जाईल की, शेतकऱ्याशी तुझे काय संगनमत होते? असा संशय अगदीच निराधार नसतो. खोट्या खरेदीखतांवर दर फुगवून घेतल्याच्या गोष्टी आमच्या भागात कुणी ऐकल्या नाहीत असे नाही. याउलट अपील करावे असे लिहिणाऱ्याला, ते फेटाळले गेले, पंधरा टक्क्यांनी रक्कम दुप्पट झाली, तरी कुणीही काहीही विचारत नाही. या दोन वाक्यांतले कोणते लिहावे हे ठरवायला कायद्याचे ज्ञान लागत नाही. केंद्र सरकारने २०१० साली राष्ट्रीय दावा धोरण आणून शासनाने कार्यक्षम आणि जबाबदार पक्षकार व्हावे असे जाहीर केले होते. पण अपील न करण्याच्या प्रामाणिक निर्णयाला संरक्षण मिळाल्याशिवाय खालच्या टेबलावरचे ते वाक्य बदलण्याचे कारण नाही.

अपील दाखल झाले तरी पैसे द्यावेच लागतात, निदान जमा करावे लागतात. निकालाच्या रकमेचा भरणा करण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली आणि भरणा झाला नाही, म्हणून आम्ही खालच्या न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तीन महिने थांबवावी लागते. आम्ही त्याहून कितीतरी जास्त थांबलेलो होतो. जंगम मालमत्तेच्या जप्तीचे वॉरंट निघाले आणि बेलिफ, पंच व आमचे वकीलसाहेब यांच्याबरोबर मीही त्या कार्यालयात गेलो. बेलिफ माणूस अनुभवी होता. त्याने खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात घातलेले डेडस्टॉकचे, म्हणजे कार्यालयीन सामानाच्या नोंदवहीतले, क्रमांक एकेक वाचून पंचनाम्यात उतरवून घेतले, दोन संगणक लिहिले, मग खिडकीतून खाली पाहून उभ्या जीपचा क्रमांक लिहिला. अधिकाऱ्यांना त्या पदावर येऊन महिनाही झालेला नव्हता. त्यांनी उभे राहून आपली खुर्ची स्वतःच पुढे सरकवली आणि शांतपणे विचारले की, संध्याकाळपर्यंत मुदत मिळेल का? खुर्ची जप्त झाल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली की वाचणाऱ्याला बरे वाटते हे मला ठाऊक आहे. समोर उभे राहून पाहताना तसे वाटत नाही. निधी मंजूर करणारे कार्यालय वेगळ्याच शहरात असते आणि त्याची खुर्ची जागची हलत नाही. पण त्या संध्याकाळी फोन फिरले आणि निम्म्या रकमेचा धनादेश न्यायालयात जमा झाला, हेही तितकेच खरे. जमा रकमेतून काही हिस्सा हमीपत्रावर काढता आला. उरलेल्या निम्म्यावर व्याज चढत राहिले.

दरम्यान मॅडमची मुदत संपली आणि त्यांच्या जागी दुसरे वकील आले. जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका शासन बदलले की बदलतात हे सर्वांना माहीत आहे. उत्तर प्रदेशात १९९० साली एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एकदम दूर केले होते, तेव्हा श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले आणि हे पद निव्वळ कराराचे नाही, त्यात सार्वजनिक अंश आहे, असे म्हटले. २०१६ साली पंजाब आणि हरियाणातल्या नेमणुकांविषयीच्या ब्रिजेश्वरसिंग चहल प्रकरणात निवड पारदर्शक आणि गुणवत्तेवर व्हावी असे पुन्हा सांगावे लागले. आमच्यासारख्या पक्षकाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, फाइलमधला खरा मुद्दा ज्या एका व्यक्तीला माहीत होता ती व्यक्ती गेली. उच्च न्यायालयातल्या अपिलाच्या कारणांमध्ये व्याजाचा मुद्दा अगदी शेवटी, ठोकळेबाज कारणांच्या रांगेत एका ओळीत होता.

अपील प्रलंबित असतानाच वडील गेले. आमच्या वकिलांनी तशी पुरसीस देऊन वारसांची नावे कळवली. वारसांना अभिलेखावर आणण्याची जबाबदारी अपीलकर्त्याची, म्हणजे शासनाची. तीही मुदत टळली आणि अपील उपशमित झाले, म्हणजे आपोआप संपुष्टात आले. मग ते उपशमन रद्द करण्याचा अर्ज, त्याला विलंब माफीचा आणखी एक अर्ज, त्यावर आमचे लेखी म्हणणे, त्यावर शासनाचा वेळ. या भागाविषयी यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

अपिलाची अंतिम सुनावणी २०२१ साली, दूरदृश्य प्रणालीने झाली. शासनाच्या वतीने बोलणाऱ्या वकिलांनी आदल्या रात्री अभिलेख नीट वाचलेला होता हे पहिल्या दोन मिनिटांतच कळले. दराविरुद्ध आपल्या बाजूने पुरावा नाही हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आणि मग थेट ताबा पावतीची तारीख व अधिसूचनेची तारीख वाचून दाखवली. न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांकडे पाहिले. आमच्या वकिलांनी काही वेळ किल्ला लढवला. अपील अंशतः मंजूर झाले: दर कायम, विहिरीची किंमत कायम, अधिसूचनेपूर्वीच्या काळाचे व्याज वगळले आणि त्या काळाच्या भाड्यासाठी स्वतंत्र मागणीची मुभा ठेवली. सुनावणी अर्ध्या तासाच्या आत संपली.

वरचाच हिशेब पुढे नेतो. १ लाखाच्या वाढीमागे दोन वर्षांचे व्याज वगळल्याने शासनाचे ४६ हजार २०० रुपये वाचले. जमा न केलेल्या निम्म्या रकमेवर दर वर्षी ११ हजार ५५० रुपये व्याज चढत होते. म्हणजे अपिलातून मिळालेली सारी बचत चार वर्षांत संपलेली होती आणि अपील त्यानंतरही कित्येक वर्षे उभे होते. पुनर्विलोकनाचा साधा अर्ज मुदतीत झाला असता तर आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते आणि शासनाचे ते पैसे खरोखर वाचले असते.

उरलेली रक्कम जमा झाल्यावर वारसांच्या हिश्शाप्रमाणे ती काढण्यासाठी नाझराच्या, म्हणजे न्यायालयातल्या पैशांचा हिशेब पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलापाशी जे काही लागते, आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश, ओळखपत्र देणारा वकील, ते सगळे झाले. व्याजाच्या भागावर उद्गम कर कापला गेला आणि तो विवरणपत्र भरून सोडवून घ्यावा लागला.

आमच्याच तलावातल्या ज्या शेतकऱ्यांनी कलम १८ चा अर्ज केला नव्हता त्यांनी २००८ च्या निकालानंतर तीन महिन्यांच्या आत कलम २८-अ खाली आम्हाला मिळालेल्या दराने मावेजा मागितलेला होता. अपील प्रलंबित आहे या कारणावरून ते सारे अर्ज इतकी वर्षे थांबवून ठेवलेले होते. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत त्यांनी आता कार्यालयात दाखल केली आहे. कार्यालयाने तिच्यावर पहिली कार्यवाही केली ती अशी की, सदर निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणे उचित राहील किंवा कसे, याबाबत सरकारी वकिलांचे अभिप्राय मागवले.